वारेच्या वाटेवरचा पहारेकरी

मित्रांनो, मी सोनोग्राफीचे एक जुने यंत्र आहे. माझे एक चाक कुरकुरते, पण नजर अजून तेज आहे. तारुण्यात मी देनपासार शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मिरवत होते. नवे यंत्र आले, तशी माझी रवानगी कोठीघरात झाली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवत. तो अपमान मी अजून विसरलेले नाही! पुढे दायू नावाच्या डॉक्टरबाईंनी मला होडीत घालून नुसा पेनिदा बेटावर आणले आणि माझे नशीब उघडले.

बेटावरच्या बायका समुद्रशेवाळाची शेती करतात. त्या माझ्याकडे येत, त्या बाळाचे तोंड बघायला. "नाक बापाचंच गं, बिचारं!" असे कुणी म्हटले की खोलीत नुसता हशा. माझे खरे कसब मात्र कुणाच्या गावीही नव्हते. गर्भाशयात बाळाला पोसणारी जी वार, तिला आईच्या ज्या रक्तवाहिन्या रक्त पुरवतात, त्यांतला प्रवाह मी पाहू शकते. तो अडखळत असेल, तर पुढे रक्तदाब चढून आईला झटके येण्याचा धोका असतो. त्याची चाहूल मला कितीतरी महिने आधी लागते.

रुमियासिह तिसऱ्या महिन्यात सासूबरोबर आली. तिची थोरली बहीण बाळंतपणात झटके येऊनच गेली होती. पोरीच्या तोंडचे पाणी पळाले होते. डॉक्टरांनी माझा दांडा तिच्या ओटीपोटाच्या कडेला टेकवला, तशा माझ्या पडद्यावर डोंगरांसारख्या रेघा उमटल्या.

"अहो, बाळ मध्ये आहे!" सासू म्हणाली. तिचे नाव सांगक्रिब, पण सगळे तिला मेमे, म्हणजे आई, म्हणत. "हे कसले डोंगर बघत बसलात?"

"रक्ताची चाल बघतेय, मेमे. ती नीट नाही. रक्तदाबही चढाच आहे. हिला रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी घ्यावी लागेल."

"धडधाकट पोरीला गोळ्या? लोक काय म्हणतील! ऊठ गं, चल घरी."

रुमियासिह उठली नाही. तिचे डोळे भरून आले. "मेमे, ताईपण धडधाकटच होती."

मला वाचा असती तर मी ओरडलेच असते. पण दायू डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मेमे, वार म्हणजे बाळाचं भावंड ना? बाळंतपणानंतर पुरताना आपण तिला फुलं वाहतो."

"हो तर! पोटात तीच बाळाला सांभाळते."

"मग ते भावंड आत उपाशी राहील. त्याच्यापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाहीये."

मेमेचा चेहराच बदलला. "उपाशी? माझ्या घरातलं लेकरू उपाशी? मग आधी सांगायचं नाही का! आणा ती गोळी इकडे."

त्यानंतर मेमेने एकही गोळी चुकू दिली नाही की एकही तपासणी. शेजारणींनी नाके मुरडली, तर तिने त्यांनाच धारेवर धरले. रुमियासिहचा रक्तदाब आटोक्यात राहिला. दिवस भरल्यावर मुलगी झाली, आणि तिने असा टाहो फोडला की धक्क्यावरचे होडीवालेही टाळ्या पिटू लागले. खरे सांगते, त्या दिवशी मी अभिमानाने फुलून गेले.

मित्रांनो, कोणती गोळी कुणाला द्यायची, ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही एवढेच करा: घरात कुणाला दिवस गेले, तर तिला वेळेत तपासायला न्या. बाळाचे कौतुक सगळेच करतात, आईकडेही बघा. आणि जुन्या यंत्राची निगा राखा, ते कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी मेमेने रुमियासिहला घरी न्यायला पालखीसारखी खुर्ची आणली होती. रुमियासिहने हसून नकारार्थी मान हलवली, लेकीला छातीशी धरले आणि ती आपल्या पायांनी चालत घरी गेली.