रेडिओआत्याचे फोटो

घरातले सगळे रेडिओआत्याला टाळायचे. एकदा तोंड उघडलं की ती पणजोबांच्या चुलतभावाच्या सासुरवाडीपर्यंत जाऊन यायची, आणि ऐकणारा बिचारा रिकामा पेला हातात धरून ताटकळत उभा राहायचा. तिचा भाचा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. आत्याने फोटोंची पेटी उघडली की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "पुढच्या सुट्टीला नक्की, आत्या. वही घेऊनच बसतो."

सुट्ट्या आल्या नि गेल्या. मग एका सकाळी आत्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, उजवा हात सावरला, पण बोलणं गेलं. एकच शब्द तेवढा उरला, 'ताटली'. पाणी हवं असलं तरी ताटली, पाय दुखला तरी ताटली.

भाचा वही घेऊन गेला तो ती दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या रविवारी. आतेबहिणीने पेटी पलंगावर आणून ठेवली. त्रेचाळीस फोटो, आणि एकाच्याही मागे नाव नाही. दुकानातून आणलेल्या भिंगातून कोटाची बटणंसुद्धा मोजता येत होती, पण कोट कुणाचा ते कोण सांगणार?

पेटी पाहताच आत्या उजळली. एका मिशाळ माणसावर बोट ठेवून ती भरभर सांगू लागली, "ताटली, ताटली ताटली, ताटली!" मध्येच हसली. मध्येच आवाज खाली आणला, जणू पुढचं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. सांगण्याची ढब अगदी जुनीच होती.

"मी नावं घेतो, तू नुसती मान हलव," तो म्हणाला. "हे आजोबा?"

तिने होकार दिला. त्याने वहीत लिहिलं.

"शेजारी त्यांचे थोरले भाऊ?"

पुन्हा होकार. तासाभरात अकरा फोटो झाले. त्याला हुरूप आला.

आतेबहीण दारातून बघत होती. "दादा," ती हळूच म्हणाली, "एकदा मुद्दाम चुकीचं विचारून बघ."

त्याने खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं. "आत्या, हे तुझे वडील ना?"

आत्याने आनंदाने मान हलवली.

त्याने वही मिटली. आत्याला मात्र थांबायचं नव्हतं. पेटीच्या तळातून तिने शिवणयंत्राशी बसलेल्या एका तरुण बाईचा फोटो काढला. बोट त्या बाईवर ठेवलं, मग त्याच्या छातीवर, मग परत बाईवर. तिचे डोळे भरून आले. "ताटली," ती अगदी सावकाश म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून.

"माझी कोण, आत्या? आजी? पणजी? बाबांची मावशी?"

प्रत्येक नात्याला तिने मान डोलावली. मग याला काही म्हणता काही कळत नाहीये हे तिच्या ध्यानात आलं. तिने पलंगावर हात आपटला, एकदा, दोनदा, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

तिला झोप लागल्यावर त्याने तिच्या मुठीतून फोटो हलकेच सोडवला. मागची बाजू कोरी होती. पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ बसला. शेवटी त्याने लिहिलं, 'आत्या हिला ओळखते.' खाली तारीख घातली आणि फोटो पुन्हा तिच्या हातात ठेवला.