बारव राखणारे

निजामाच्या राज्यात, सोनपेठजवळच्या आमच्या गावी, जुन्या इमारती राखणारं एक मंडळ निघालं. अध्यक्ष दिनकरराव, गावचे मोठे जमीनदार. माझे यजमान चिटणीस, म्हणून या शहाण्यांचा चहा माझ्याकडे. हैदराबादेहून कुणी बडे साहेब येतील, शाबासकी देतील, एवढ्यावर सगळी विद्वत्ता उभी होती. मंडळानं पहिलं काम केलं ते जिच्यावर गाव पाणी भरायचं त्या बारवेला लोखंडी दार लावून कुलूप ठोकण्याचं. लोकांच्या पायांनी पायऱ्या झिजतात म्हणे. बांधणाऱ्यांनी त्या बहुधा शोभेला ठेवल्या असाव्यात.

वर्ष गेलं. बारव बंद झाल्यापासून मेंढरं राखणारा रायभान ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरत होता. त्याची बायको कासाबाई बाळंत झाली. बाळंतीण पाणी पुजल्याशिवाय घागरीला हात लावत नाही, आणि गावातली प्रत्येक बाळंतीण बारवेतल्या साती आसरा, पाण्यातल्या देवी, पुजायची. कासाबाई लेकरू पदराखाली घेऊन दिनकररावांच्या दारात उभी राहिली.

"मालक, आसरायला हळदी-कुकू वाहते अन् येते. लय वेळ न्हाई लागायचा."

"मंडळाची मंजुरी नाही," दिनकरराव म्हणाले. मंडळ म्हणजे तेच. मला त्या माणसाची किळस आली. कासाबाई ओढ्यावर गेली, झिऱ्याच्या काठी सात खडे मांडून पुजले आणि घागर उचलली.

त्याच महिन्यात दिनकररावांना नातू झाला. सून पाणी पुजायला निघाली तेव्हा मंजुरी आपोआप आली. ताशे वाजले, दार उघडलं, आणि असा वास आला की ताशेवाले मागे सरले. वर्षभर उपसा नाही. पाण्यावर हिरवी साय, तिच्यात मेलेले पारवे. वारसा चांगलाच मुरला होता.

सगळा लवाजमा मुकाट ओढ्यावर आला. कासाबाई पाणी भरत होती, रायभान मेंढरं पाजत होता. दिनकरराव नाकाला उपरणं लावून म्हणाले, "सूनबाईची पूजा इथंच करावी म्हणतो."

कासाबाई बाजूला सरली. "बसवा की. आसरायला मंजुरी लागत न्हाई."

बायका ओटी भरत होत्या, तेवढ्यात दिनकरराव झिरा न्याहाळून माझ्या यजमानांना म्हणाले, "किशनराव, जुनं पवित्र स्थान दिसतंय. मंडळानं ताब्यात घ्यावं."

यजमानांनी मान डोलावली. त्या मानेची मला लाज वाटली.

कासाबाईनं घागर कमरेवर घेतली आणि रायभानला म्हणाली, "खोरं काढा, दुसरीकडं झिरा उकरू. ह्या लोकायला आपलं पाणी सापडलं."