सुवर्णाअक्काने दिलेला तुकडा

मित्रांनो, मी यकृताचा एक तुकडा आहे. माझं वय एकेचाळीस. त्यातली सदतीस वर्षं मी सुवर्णाअक्काच्या पोटात काढली आणि पुढची चार तिच्या धाकट्या भावाच्या, वाल्मीकच्या पोटात.

अक्का सायखेड्याला झेंडू आणि मेथी पिकवते. तिच्याकडे मी सुखात होतो. साखर साठवायची, रक्तातलं विषारी ते निवडून काढायचं, एवढंच माझं काम.

वाल्मीक सातपूरच्या कारखान्यात लोखंड कातायचं लेथ मशीन चालवतो. दारूने त्याचं स्वतःचं यकृत दगडासारखं झालं होतं. डोळे पिवळे, पोटात पाणी. जवळच्या माणसाने यकृताचा भाग दिला तरच तो वाचणार होता. त्याने सहा महिने दारू सोडली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्काचा हात धरून म्हणाला, "अक्का, आता कधीच नाय घेणार."

"तू बरा हो. मला दुसरं काय नको," अक्का म्हणाली.

मला कापून त्याच्या पोटात बसवलं. यकृत पुन्हा वाढतं, मित्रांनो. काही महिन्यांत मी भरून आलो, तिकडे अक्काच्या पोटात राहिलेला भागही वाढला. वाल्मीक कामावर गेला. शर्ट वर करून व्रण दाखवायचा, "बहिणीनं दिलंय." मला अभिमान वाटायचा.

तिसऱ्या वर्षी एका मित्राला बढती मिळाली, त्याच्या पार्टीत माझ्याकडे पहिल्यांदा दारू आली. मला वाटलं, चुकून आली असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मग रोजच.

दारू फोडताना माझ्या पेशींत ऑक्सिजनचे बेफाम कण तयार होतात. ते दिसेल त्याला झोंबतात, पेशींची आवरणं कुरतडतात. त्यांना आवरणारी द्रव्यं माझ्याकडे असतात, पण रोजच्या माऱ्यात ती संपत गेली. मला सूज आली. असेच कण त्याच्या स्नायूंतही तयार झाले. मांड्या बारीक झाल्या. लेथवर चढवायचा लोखंडाचा गोल ठोकळा त्याला एकट्याला उचलेना. तो म्हणायचा, "वय झालं." तेव्हा तो छत्तीसचा होता.

तपासणीला अक्का बरोबर आली. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता?"

"नाय हो. खोकल्याचं औषध घेतलं होतं," वाल्मीक म्हणाला.

मी आत होतो. मला बोलता येत नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्टमधला एक आकडा दाखवला. "हा खोकल्याच्या औषधाने वाढत नाही."

वाल्मीकने मान खाली घातली. अक्का रडली नाही. तिने डॉक्टरांना विचारलं, "माझं पुन्हा घेता येईल का?"

"नाही ताई. एकदाच देता येतं."

"ऐकलंस ना?" ती भावाला म्हणाली. "आता माझ्याकडं द्यायला काय नाय." आणि पहिल्यांदाच त्याला न घेता एकटी बसस्टॉपकडे गेली.

आज त्या गोष्टीला एकवीस दिवस झाले. एकवीस दिवसांत माझ्याकडे दारू आलेली नाही. सूज थोडी उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, दारू थांबली तर मी अजून सावरू शकतो. पण मित्रांनो, खरं सांगतो, माझा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही. तो रोज संध्याकाळी अक्काला फोन लावतो. ती उचलत नाही. तुमच्या शरीरातही माझ्यासारखं यकृत आहे, तुम्ही त्याला कधी पाहणार नाही. दुखतंय हे आम्ही फार उशिरा सांगतो. म्हणून दारू सोडायला तोवर थांबू नका.