हॉर्नची जोडी

तेइजीला गाडी सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. खोटं नाही सांगत. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, पेंढ्यांच्या ढिगाखाली, पिवळी फेअरलेडी, दोनच माणसांची जुनी मोटार, उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसून 'काय काम आहे?' अशा तोऱ्यात त्याच्याकडे बघत होती. तेइजीने बॉनेट उघडलं, आत ठोकलेला नंबर बोटाने पुसून वाचला आणि तिथल्या तिथे, शेणाबिणाचा विचार न करता, मटकन खाली बसला. त्याचीच गाडी. तरुणपणी हौसेने घेतलेली आणि पुढे बागेतली संत्री वाहायला छोटा ट्रक हवा म्हणून विकून टाकलेली, त्याची स्वतःची गाडी.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. मिसाओ म्हणाली, "सापडली? बरं झालं." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

मिसाओचं हे असं झालं होतं. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. उभा जन्म उवाजिमाच्या या डोंगरउतारावर, संत्र्यांच्या दगडी बांधांवरून शेळीसारखी हिंडलेली बाई; पण डोळे गेले त्या दिवसापासून तिने आपणहून उंबरा ओलांडला नाही. इस्पितळात न्यायची तेवढी टॅक्सीने न्यायची, आणि त्यातही ती अंग चोरून बसायची. "आताच्या गाड्यांना आवाजच नाही," म्हणायची. "निघालो की उभेच आहोत, कळत नाही. पेटीत घालून नेल्यासारखं वाटतं." शेजारणी बोलवायच्या, ओसाकाची लेक फोनवर रागवायची. ही सगळ्यांना "येईन हं" म्हणायची आणि जागची हलायची नाही.

आणि तेइजीच्या डोक्यात काय शिजत होतं? तेच तर सांगते. लग्नाआधी तो हीच गाडी घेऊन तिला भेटायला यायचा. घराच्या खाली रस्त्याला एक वळण आहे, पलीकडून काय येतंय ते अजिबात दिसत नाही, म्हणून तिथे हॉर्न वाजवा अशी पाटीच लावलेली आहे. तेइजी हॉर्न वाजवायचा, आणि मिसाओ दगडी पायऱ्या उतरत धावत खाली यायची, धपकन शेजारी बसायची आणि म्हणायची, "उशीर केलात." तो वेळेवर आला तरी हेच. तासभर आधी आला तरी हेच! पुढे तो तिच्याच घरी घरजावई म्हणून आला, निनोमिया हे तिचं आडनाव त्याने लावलं, तिच्या वडिलांची बाग सांभाळली. पण ते 'उशीर केलात' त्याच्या कानातून कधी गेलं नाही. आता त्याने मनाशी धरलं होतं की तीच गाडी त्याच वळणावर उभी राहिली, तोच हॉर्न वाजला, तर मिसाओ उंबरा ओलांडेल. म्हातारा झाला तरी अक्कल पोराचीच! पण दुसरा कुठला उपाय त्याच्याकडे नव्हता, आणि हा उपाय फसला तर पुढे काय, याचा विचार करायचीही त्याला भीती वाटायची.

मात्र गाडी अगदी होती तशीच व्हायला हवी. एकही स्क्रू परका नको. गाड्यांचं काम तो उशिरा शिकला, बागेचं काम कमी केल्यावर. तरुणपणी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, चालवता यायची एवढंच. आता मात्र तो इतका काटेकोर झाला होता की बोल्टच्या डोक्यावर कारखान्याची खूण बरोबर नसेल तर बोल्ट परत पाठवायचा. दुकानदार कंटाळले. फेंडरवरचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावरचे, आरसे त्याने सेंदाईहून मिळवले, मागच्या दिव्याची काच एका न्हाव्याकडून, आणि मधल्या कुणा मालकाने केलेली जोडाजोड, ठिगळं सगळी शिव्या देत देत उपटून काढली. काढलेली प्रत्येक वस्तू मात्र तांदळाच्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची, ही त्याची शिस्त. काय कधी लागेल सांगता येत नाही.

पुढची जाळी काढली तेव्हा तर त्याचं डोकंच फिरलं. आत दोन हॉर्न असतात, एक बारीक आवाजाचा, एक जाड. दोन्ही गंजून मेलेले होते. पण जाड हॉर्नची वायर कुणीतरी उपसून, तिला हिरवी प्लॅस्टिकची फीत गुंडाळून बाजूला खोचून ठेवली होती.

"कुठल्या गाढवाने हे केलंय!" तो रात्री जेवताना मिसाओला म्हणाला. "चांगला हॉर्न, आणि वायर सोडवून ठेवलीय! असल्या लोकांच्या हाती गाडी द्यायलाच नको होती मी."

"हो का," मिसाओ म्हणाली आणि चाचपडत त्याच्या वाटीत मुळ्याचं लोणचं वाढलं.

तसे नवे हॉर्न कुठेही मिळतात. पण तेइजीला हवी होती त्याच कारखान्याची, त्याच सालची जोडी. ज्याला विचारावं तो एकच नाव घ्यायचा. शेजारच्या कोची प्रांतातल्या कुवाबाराबाई.

कुवाबाराबाईंच्या नवऱ्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. तो गेला, दुकान बंद झालं, पण पंच्याऐंशीच्या या बाईने कोठारातला माल विकला नाही. ती म्हणायची, मी विकत नाही, मी पोरी उजवते. जुन्या गाड्यांच्या वेडात असलेली माणसं गाडी दुसऱ्याला देताना 'सासरी पाठवली' म्हणतातच. बाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

तेइजी त्यांच्या दारी पोचला. "बसा," बाई म्हणाल्या. चहा ओतला. तेइजी दोन्ही गुडघे मोडून, ताठ बसला. "घरी कोण कोण?"

"मी आणि बायको. मुलगी ओसाकाला."

"गाडी कुठे ठेवता? उघड्यावर?"

"नाही हो मावशी! छप्पर आहे. खाली फरशी केलीय."

"समुद्राचा वारा येतो का?"

"येतो... थोडा."

"थोडा म्हणजे किती? माझ्या पोरींना गंज चढवाल तुम्ही." बाईंनी कप खाली ठेवला. "याआधी एकजण आला होता टोकियोचा. चकचकीत बूट. म्हणाला, काचेच्या कपाटात ठेवीन. मी म्हटलं, मग हॉर्न कशाला नेतोस बाबा, फुलदाणी ने. हॉर्न वाजला पाहिजे. तुम्ही कुणासाठी वाजवणार?"

तेइजीने खाली बघत सगळं सांगितलं. वळण, पायऱ्या, 'उशीर केलात', आणि उंबऱ्याच्या आत बसलेली मिसाओ. सांगता सांगता कप हातात तसाच राहिला, तर बाई म्हणाल्या, "चहा निवतोय." पण त्या उठल्या आणि कोठारातून एक खोका घेऊन आल्या. मेणकागदात गुंडाळलेली जोडी. कधीच न वापरलेली, काळी कुळकुळीत, पाठीवर कारखान्याचा शिक्का.

"किती द्यायचे?" तेइजीने विचारलं आणि जीभ चावली.

"किंमत लावली की विक्री झाली. विकलेल्या पोरीची चौकशी कोण करतं? संत्री पाठवा. आणि बसवल्यावर फोन करून दोघींचा आवाज मला ऐकवा. सासरी गेल्यावर पोरीने माहेरी फोन करायचा असतो, एवढं तरी कळतं ना?"

आठवड्याने गाडी तयार झाली. सकाळी मिसाओ ओसरीच्या आतल्या कडेला ऊन खात बसली होती. तेइजीने तिला काही सांगितलं नाही. गाडी हळूच खाली वळणावर नेली, इंजिन बंद केलं, शर्टाची वरची गुंडी लावली. हो, गुंडी लावली! आणि हॉर्न दाबला.

काय आवाज होता! भारदस्त, भरलेला, अख्खा डोंगर दणाणला. तेइजीच्या डोळ्यात पाणीच आलं. तो पायऱ्यांकडे बघत राहिला. कुणी आलं नाही. त्याने पुन्हा वाजवला.

वरून मिसाओची हाक आली, "अहो! खाली ट्रक अडकलाय वाटतं कुणाचा. जरा बघता का?"

तेइजी तसाच बसून राहिला. मग उतरला, जाळी पुन्हा काढून सगळं तपासलं. चूक कुठेच नव्हती. गाडी अंगणात आणली. मिसाओला काही विचारायचं धाडस होईना. विचारलं असतं तर ती "छान वाजतो हो" म्हणाली असती, आणि ते ऐकण्यापेक्षा थप्पड बरी असं त्याला वाटलं.

दिलेला शब्द मात्र पाळायला हवा. त्याने गाडीशेजारून कुवाबाराबाईंना फोन लावला, हॉर्न वाजवून ऐकवला.

"आहाहा," बाई म्हणाल्या. "दोघी एका सुरात बोलतायत. बायको आली का खाली?"

"ट्रक म्हणाली."

"काय?"

"ट्रक म्हणाली हो मावशी! एवढं करून ट्रक!" आणि तेइजीचा बांध फुटला. "माझंच चुकलं. काय मोठं खूळ घेतलं डोक्यात. तिला आता कशाचंच काही वाटत नाही."

बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "रडून झालं? मग सांगा, जुने दोन हॉर्न काढलेत, त्यातले वायरला नांदत किती होते?"

"एकच. दुसऱ्याची वायर कुणा गाढवाने..."

"कुणा म्हणजे कुणा? कधी?"

तेइजी उत्तर द्यायला गेला आणि थांबला. कोंबडीवाला शेतकरी, त्याच्याआधीचा मालक, तो मास्तर... आणि त्याच्याआधी? माणसाला आपली गाडी होती तशी आठवते थोडीच, असायला हवी होती तशी आठवते. तो आठवायला लागला. पहिल्यांदा आणली तेव्हा हॉर्न दणकट होता. सासरे खवळले होते, "वळणावर रेडा ओरडतो काय रोज!" आणि मग एक दिवस आवाज बारीक झाला होता. दमट हवेने झाला असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. सासऱ्यांची कटकट थांबली म्हणून त्यानेही पुढे काही बघितलं नव्हतं.

"मावशी, ठेवतो," तो म्हणाला आणि बिस्किटांचा डबा घेऊन ओसरीवर आला. डब्यातून ती हिरवी फीत काढली. इतक्या वर्षांनी कडक झालेली, पण गुंडाळीचा आकार तसाच होता. त्याने ती मिसाओच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"बघ ना."

मिसाओने बोटं फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. तिचं डोकं एका बाजूला कललं. "ही कलमाची फीत आहे. खालून वर गुंडाळलीय, पाणी आत जाऊ नये म्हणून. आणि उलट्या बाजूने." ती थांबली. "डावखुऱ्या माणसाने बांधलीय."

या घरात डावखुरं एकच माणूस होतं. जेवताना वडिलांनी मारून मारून तिला उजव्या हाताची सवय लावली होती, पण बागेत कलमं ती डाव्या हातानेच बांधायची, कारण तिच्याइतकी कलमं कुणाचीच जगायची नाहीत.

मिसाओ हसायला लागली. किती दिवसांनी! आधी नुसते खांदे हलले, मग खळखळून, डोळ्याला पाणी येईपर्यंत. "अहो... तुम्ही आत बाबांसमोर गुडघे मोडून चहा पीत होतात. घाम फुटला होता तुम्हाला. बाबा मला म्हणाले होते, तो रेडा पुन्हा ओरडला तर याला पायरी चढू देणार नाही. मग मी काय करणार? जाळीमागे हात घातला आणि जाड आवाजाची वायर ओढून काढली. कुठली कुठली ते कळेना, अंदाजाने एक धरली आणि नेमकी तीच निघाली. विसरूनच गेले होते बाई मी!"

"आणि मी रोज त्या गाढवाला शिव्या देतोय."

"मग? देत होतात, मी ऐकतही होते. लोणचंसुद्धा वाढलं गाढवाने."

तेइजी उठला. "थांब, आत्ता सोडवतो ती वायर. मूळची जोडी गेली खड्ड्यात."

"सोडवाल, पण बांधणार कोण? उघडी ठेवलीत तर चिकटेल कुठेतरी आणि धूर निघेल. कलमाची फीत खोपटात खुंटीला असते, ती आणा."

तो फीत घेऊन आला तर मिसाओ ओसरीच्या कडेवर पाय सोडून, पायाने चपला शोधत होती. हात पुढे करावा की नाही? त्याने फक्त चपला दोन बोटं सरकवून तिच्या पायांशी आणल्या. तिने त्या घातल्या आणि उभी राहिली.

अंगणातून चार पावलं चालून तिचा हात बॉनेटला लागला. "ऊन पितेय मस्त," ती म्हणाली. जाळी काढलेलीच होती. तेइजीने वायर तिच्या बोटांत दिली आणि तिने ती बांधली, खालून वर, उलट्या बाजूने, शेवटचं टोक आत खोचून. त्याने एवढं खपून बसवलेला एकही बोल्ट इतका नीट बसला नव्हता, असं त्याला वाटलं.

"जा आता," ती म्हणाली. "वळणावर जा. इथून कुठे मी बसायची तेव्हा गाडीत?"

"पायऱ्या आहेत, मिसाओ."

"पायऱ्या माझ्या बापाने घातल्यात. तुम्ही जा."

तो गाडी घेऊन खाली आला. हॉर्न दाबला. बारीक, एकटा, जरासा घाबरलेला आवाज निघाला. तेइजीला एकदम तो तरुण, घामेजलेला, सासऱ्याला टरकून असलेला पोरगा आठवला आणि त्या पोराची त्याला फार दया आली.

वर पायऱ्यांच्या तोंडाशी मिसाओ दिसली. डावा हात दगडी बांधावर ठेवून ती एक एक पायरी उतरत होती. मधली एक पायरी गेल्या पावसाळ्यात सरकली होती. तिथे तिचा पाय अडखळला आणि ती थांबली. तेइजीचा हात दाराच्या कडीवर गेला. पण तेव्हा या वळणावर तो कधी उतरत नसे. सासऱ्यांच्या धाकाने गाडीतच बसून राहायचा. त्याने कडी सोडली आणि हॉर्न पुन्हा एकदा, हलकासा, वाजवला. मिसाओने आवाजाकडे तोंड वळवलं, पुढचा दगड चाचपला आणि उतरायला लागली.

गाडीला वळसा घालताना तिने फेंडरवरचा आरसा चाचपला, मग दाराची कडी. दार उघडलं. धपकन बसली. थोडी धाप लागली होती. तिने बाहीने घाम पुसला, आणि समोर तोंड करून म्हणाली,

"उशीर केलात."

"हो," तेइजी म्हणाला. "जरा झालाच."