आत्याने आणलेला कागद

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारी बेबी बेचाळीस वर्षांची होती, तरी सगळे तिला बेबीच म्हणत. एका दुपारी दुकानाच्या मालकांनी आत डोकावून सांगितलं, "बेबी, बाहेर एक बाई आल्यात. चष्म्याचं काम नाही म्हणतात."

काउंटरपाशी आत्या उभी होती. आजीच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून तिचं आणि बाबांचं वाजलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून येणं-जाणं, फोन, सगळं बंद. आत्या पार वाळली होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला.

"बस म्हणशील की उभ्यानेच बोलू?"

बेबीने घाईघाईने खुर्ची ओढली. आत्याने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"मला छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमोत केस गेले, आता बरी आहे. पण रक्त तपासलं तेव्हा कळलं, माझ्या जनुकात एक बदल आहे, जन्मापासूनचा. आजीकडून आलेला असावा. तो तुझ्या बाबांतही असण्याची शक्यता अर्धी, आणि त्यांच्यात असला तर तुझ्यात येण्याची अर्धी. आपल्या घरात एवढी सरळ वाटणी पहिल्यांदाच होतेय."

बेबीला हसू आलं, ते लगेच मावळलं. "पण हे आईकडून येतं ना? आईच्या माहेरी कुणालाच नाही."

"मीही तसंच समजत होते. बापाकडूनही येतं. हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखव."

संध्याकाळी बेबीने कागद बाबांपुढे ठेवला. बस चालवून निवृत्त झालेला तो अबोल माणूस बराच वेळ वाचत राहिला. मग एवढंच म्हणाला, "उद्या जाऊ."

तपासणीत बाबांमध्ये तोच बदल निघाला, आणि नंतर बेबीमध्येही. बाबांनी मान खाली घातली. "माझ्यामुळे तुला."

"बाबा, तुमचं नाकही आलंय माझ्याकडे. त्याबद्दल कधी माफी मागितलीत का?"

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हा बदल म्हणजे आजार नाही. धोका बराच वाढतो, पण तो आजार होईलच असं नाही. ऑपरेशन करून धोका कमी करता येतो, किंवा दरवर्षी बारकाईने तपासण्या करत राहता येतं. बेबीने तपासण्यांचा मार्ग धरला.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत वाटाण्याएवढी गाठ दिसली. हाताला लागतही नव्हती. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण अजून कुठे पसरली नव्हती. या वेळी बेबीने दोन्ही बाजूंचं ऑपरेशन करून घेतलं. ते सोपं गेलं नाही. कित्येक दिवस तिला आरशासमोर उभं राहवेना, हात वर नेताना जीव जाई. पण चौथ्या महिन्यात ती पुन्हा दुकानात काचा घासायच्या मशीनपुढे बसली. "वेळेत सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या दोन शब्दांवर तिने ते सगळे दिवस काढले.

एका रविवारी ती आत्याला घरी घेऊन आली. जिन्यात आत्या थांबली.

"तुला सांगू? त्या दिवशी दुकानापर्यंत येऊन मी दोनदा माघारी गेले होते. वाटलं, इतक्या वर्षांनी आले आणि आले तर ही बातमी घेऊन. तुम्ही मला दारातही उभं करणार नाही."

बेबीने आत्याचा हात धरला आणि तो तसाच धरून वर नेला.

दार बाबांनी उघडलं. आत्याचे केस आता पांढरेशुभ्र, खांद्यापर्यंत वाढले होते.

"ताई," बाबा म्हणाले, "तू आली नसतीस तर माझी पोर…" वाक्य अर्धंच टाकून ते दारातच उभे राहिले.

"आले ना? मग सरक बाजूला, बसू दे. जिने चढून पाय गेलेत माझे."