मुलाम्याचा नारळ

सरूबाईने देवापुढचा नारळ उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन आदळला.

"अगो, सोन्याचा हाय तो!" तिचा नवरा हरेश्वर ताडकन उठला. "पुनवेला खाडीला द्यायचा!"

"सोन्याचा नाय. तांब्याचं कवच, वर सोन्याचं पानी. आनि धाडला कोनी? ज्यानं खाडी मारली त्यानं."

हरेश्वर कांजूरच्या कोळीवाड्याचा पाटील. नारळीपौर्णिमेचा नारळ खाडीत सोडायचा मान त्याच्या घराचा. दरवर्षी नारळाला सोनेरी कागद गुंडाळत. यंदा श्यामसुंदर शेटने मुलामा दिलेलं कवच घडवून पाठवलं होतं, आणि अख्खा कोळीवाडा ते हातात घेऊन वजन बघत होता.

शेटचा सोनं-चांदी गाळायचा कारखाना दोन वर्षांपूर्वी, चोपन्न साली, खाडीच्या काठावर उभा राहिला. जुन्या शालूंची जर, सोनारांच्या दुकानातला केर, सगळं तेजाबात घालून तिथे कण न् कण सोनं काढत. उरलेलं हिरवट पाणी चर खणून सरळ खाडीत. त्या चराच्या तोंडाशीच सरूबाईची चिखलाची पट्टी होती. ओहोटीला कमरेत वाकून तिने तिथे शिंपल्या वेचल्या, निवटे मासे धरले, त्यावर चार पोरं वाढवली. यंदा शिंपल्या उघड्याच सापडत, आत नुसता काळा गाळ. निवटे पोट वर करून पडलेले. केरातलं सोनं वाया जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा, आणि खाडी मात्र फुकटची!

चर बंद करा म्हणून सांगायला पुरुष गेले होते. शेटने त्यांना चहा पाजला.

"परदेशातून सोनं येणं बंद झालंय, पाटील," तो म्हणाला होता. "खाणीतलं तरी किती दिवस पुरणार? संपलं की संपलं. म्हणून जुन्यातलं काढायचं. देशाचंच काम आहे हे."

मग नारळ आला, आणि चराचं बोलणं मिटलं.

"सोनं मोडून परत घडवतात," सरूबाई म्हणाली. "खाडी मोडली ती कोन घडवनार? शेट?"

"सनासुदीला भांडन नको, सरू."

तिचं डोकं फिरलं. पौर्णिमेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवणाचं ताट पुढे सरकवायची आणि पाठ फिरवायची.

पौर्णिमेला वाजतगाजत सगळे काठावर आले. शेटसाठी खुर्ची मांडली होती. पांढरंशुभ्र धोतर नेसून तो मांडी घालून बसला, जणू घरचंच कार्य. हरेश्वर गुडघाभर पाण्यात उतरला, हात जोडले आणि नारळ सोडला.

दरवर्षी नारळ तरंगत जायचा. तो दिसेनासा झाला की खाडीने घेतला म्हणायचं आणि होड्या लोटायच्या. हा सोडला तिथेच गडप झाला. ढोल थांबला.

"वा! खाडीने लगेच घेतला की!" शेटने टाळी वाजवली.

सरूबाईच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण हरेश्वरने वळून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने त्या गिळल्या. त्याचा चेहरा पडला होता. तो वाकला, खांद्यापर्यंत हात घालून चिखलात चाचपडला आणि नारळ वर काढला. त्याबरोबर मूठभर शिंपल्या आल्या. सगळ्या उघड्या. त्याने एकेक उलटून पाहिली. आत नुसता काळा गाळ.

मग त्याने कमरेची कोयती काढून कवच उचकटलं आणि आतला साधा नारळ पाण्यावर सोडला. तो हेलकावे खात निघाला. बायकांनी हात जोडले.

बगलेपर्यंत चिखलाने माखलेला हरेश्वर काठावर आला. कवचाची दोन्ही शकलं त्याने शेटच्या मांडीवर ठेवली. धोतरावर काळं पाणी पसरलं.

"अहो पाटील, हे काय? तुमच्याच देवाचा मान म्हणून मी—"

"चर बुजवायला जातो, शेट. आत्ताच. अडवायचं असंल तर या."

तो कोळीवाड्याकडे वळला.

"फावडी काढा रं! सरू, आपलं फावडं कुठं हाय?"

लुगड्याचा ओचा वर खोचून सरूबाई केव्हाच चराच्या वाटेला लागली होती.