चिठ्ठीतलं शून्य

दादाचं डोकं सकाळपासून तापलं होतं. धाकट्या बहिणीला लाँड्रीतल्या मशीनचा शॉक बसला, तळहात भाजला, आणि वर मालकीण म्हणते, ओल्या हाताने मशीनला हात लावलास, चूक तुझी, उद्यापासून येऊ नकोस! अरे वा! लाँड्रीत काय कोरड्या हातांनी कपडे धुतात?

दादा स्वतः वायरमन. बहिणीला घेऊन तो तडक लाँड्रीत घुसला आणि कुणाला न विचारता त्याने बोर्डाचं झाकण उघडलं.

"हे बघा!" तो कडाडला. "शॉक बसला की वीज तोडणारा स्विच तो हाच ना? काय लिहिलंय यावर? पॉइंट तीन अँपिअर! म्हणजे तीनशे मिलिअँपिअर. माणूस वाचवायला तीसचा लागतो, तीसचा! तीसला हजाराने भागा, पॉइंट शून्य तीन येतात. शाळेतलं पोरही सांगेल! माणूस मेला तरी हा ढिम्म हलायचा नाही. कुठल्या गाढवाने मागवला हा?"

बहीण पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभी होती. शेजारच्या बाईने प्लग खेचला म्हणून वाचली होती ती. लहानपणी तिचा दशांश चुकला की दादा तिच्या डोक्यात टपली मारायचा. "शून्य मोजलंस का, ठोंबे?"

"मला काय कळतं त्यातलं?" मालकीणही चिडली. "जुन्या मॅनेजरने कुणाला तरी विचारून मागवला. ही घ्या त्या माणसाची चिठ्ठी!" तिने फाइलमधला कागद त्याच्यापुढे आपटला.

'वीजगळतीचा स्विच, ०.३ अँपिअर.' गेल्या वर्षी दादा तापाने फणफणलेला असताना, कुठला स्विच लागेल ते विचारायला कुणीतरी दारात आलं होतं. दादाने अंथरुणातूनच खरडून दिलं होतं. अक्षर त्याचंच.

दादाने चिठ्ठी मुठीत दाबली. ते अक्षर कुणाचं, हे मालकिणीला ठाऊक नव्हतं. पण बहीण केव्हाच त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती.

"शून्य मोजलंस का, दादा?" ती म्हणाली. पट्टी बांधलेला हात तिने रागाने त्याच्यापुढे धरला.

त्याने मूठ उघडली. "बाई, ते गाढव मीच," तो म्हणाला. "हिची काही चूक नाही. मी लिहून देतो तसं. हिला कामावरून काढू नका. स्विच मी आत्ताच बदलतो."

मालकीण काही बोलणार, तोच बहीण पुढे झाली.

"हात बरा झाला की मी येते कामावर," ती मालकिणीला म्हणाली. "पण स्विच दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या."